भांडवलशाही, साम्यवाद आणि बाबासाहेबांचा राज्यसमाजवाद

आपल्या विहारात दर रविवारी वंदना झाल्यावर थोडा वेळ चर्चा होते, हे सर्वांना माहीत आहे. मोठी माणसे सतरंजीवर भिंतीला टेकून बसतात, मुले दाराशी उभी असतात. मागे एका रविवारी कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाने सरळच विचारले, "काका, बाबासाहेब कम्युनिस्ट होते का?" त्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत दुसरा म्हणाला, "छे! ते तर कम्युनिस्टांच्या विरोधात होते. म्हणजे भांडवलवादीच झाले ना?" तिसऱ्याने तिसरेच सांगितले. अर्धा तास नुसता गलका झाला. चहा आला आणि चर्चा मोडली. प्रश्न मात्र तसाच राहिला.

खरे सांगायचे तर त्या दिवशी आम्हा वडीलधाऱ्यांनाच ओशाळल्यासारखे झाले. आम्ही लाल बावट्याच्या मोर्च्यात चाललो, निळ्या झेंड्याखाली चाललो, संपात उपाशी राहिलो. भांडवलशाही, समाजवाद, साम्यवाद हे शब्द आम्ही हजार वेळा ऐकले आणि घोषणांतून ओरडलोही. पण या शब्दांत फरक काय, आणि बाबासाहेब नेमके कुठे उभे होते, हे मुलांना दोन वाक्यांत सांगता येईना. विहाराच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत त्याच प्रश्नाचे उत्तर देण्याचा आम्ही प्रयत्न करीत आहोत. आम्ही कोणी पंडित नव्हे. वाचले, ऐकले आणि भोगले, तेवढेच मांडतो.

तीन प्रश्न

कोणताही 'वाद' समजून घ्यायचा असेल तर त्याला तीन प्रश्न विचारावेत असे आमचे मत आहे. पहिला : जमीन, कारखाने, खाणी, पैसा यांची मालकी कोणाची? दुसरा : राज्य कोणाचे, आणि राज्यकर्ता चुकला तर त्याला काढता येते का? तिसरा : माणूस माणसाशी कसा वागतो, म्हणजे समाजात उच्चनीच आहे की बंधुभाव आहे?

पुष्कळ गोंधळ पहिला आणि दुसरा प्रश्न एकत्र केल्याने होतो. मालकीचा प्रश्न हा अर्थव्यवस्थेचा आहे, सत्तेचा प्रश्न हा राजकारणाचा आहे. भांडवलशाही म्हणजे लोकशाही असे नव्हे, आणि समाजवाद म्हणजे हुकूमशाहीच असेही नव्हे. आणि तिसरा प्रश्न तर आपल्या देशातल्या बहुतेक वाद्यांनी विचारलाच नाही. तो बाबासाहेबांनी विचारला.

जगाने काय अनुभवले

भांडवलशाहीचा विचार मांडणाऱ्यांत अॅडम स्मिथ या स्कॉटिश विचारवंताचे नाव पहिले घेतात. त्याचा ग्रंथ १७७६ साली निघाला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, प्रत्येक जण आपापला फायदा पाहून धंदा करतो, त्यातून स्पर्धा होते, आणि स्पर्धेमुळे माल स्वस्त व मुबलक होऊन समाजाचे भले होते. सरकारने संरक्षण, न्याय आणि रस्ते-पूल अशी सार्वजनिक कामे पाहावीत, बाजारात फार ढवळाढवळ करू नये. या विचारात तथ्य नाही असे कोण म्हणेल? भांडवलशाहीने जितके उत्पादन वाढवले तितके आधी कोणीच वाढवले नव्हते. मात्र मजुरी पाडण्यासाठी मालक लोक सहज एकत्र येतात, मजुरांना तसे करणे कठीण जाते, हेही याच स्मिथने लिहून ठेवले आहे. ते सांगायला त्याचे चाहते विसरतात, बरं का.

मालकाला मोकळे सोडल्यावर काय होते ते इंग्लंडच्या कापड गिरण्यांनी दाखवले. नऊ वर्षांखालील पोरांना गिरणीत राबवू नये, एवढ्यासाठी १८३३ साली तिथे कायदा करावा लागला. बायका आणि पोरांना दिवसाला दहा तासांहून जास्त राबवू नये, हा कायदा व्हायला १८४७ साल उजाडले.

या पार्श्वभूमीवर कार्ल मार्क्स आणि एंगल्स यांनी १८४८ साली कम्युनिस्ट जाहीरनामा काढला. पुढे १८६७ साली मार्क्सच्या 'भांडवल' या ग्रंथाचा पहिला खंड निघाला. त्याचा मुद्दा समजायला सोपे उदाहरण घेऊ. समजा, एक कामगार दहा तास राबतो. त्याच्या पगाराइतकी किंमत तो पाच तासांतच निर्माण करतो. उरलेल्या पाच तासांची कमाई जाते कुठे? मालकाच्या खिशात. यालाच मार्क्स शोषण म्हणतो. त्यावर त्याचा उपाय असा की, उत्पादनाच्या साधनांवरची खाजगी मालकीच नष्ट करावी. त्यासाठी कामगारांनी क्रांती करून सत्ता घ्यावी, काही काळ कामगारवर्गाची हुकूमशाही राहील, आणि शेवटी वर्गच उरले नाहीत की राज्यसंस्थाही आपोआप गळून पडेल.

रशियात १९१७ साली क्रांती झाली. शिक्षण पसरले, अवजड उद्योग उभे राहिले. पण १९३२-३३ च्या दुष्काळात लाखो माणसे मेली, स्टॅलिनच्या काळात विरोधकांना छावण्यांत डांबले गेले, आणि 'काही काळ'ची हुकूमशाही सत्तर वर्षे हटली नाही. राज्यसंस्था गळून पडली नाही. डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघच मोडला. चीनने १९७८ नंतर बाजाराची दारे उघडली, पण एका पक्षाची सत्ता सोडली नाही.

समाजवादी म्हणवणाऱ्यांनी तिसरी वाट धरली. मोठे उद्योग समाजाच्या ताब्यात यावेत, पण निवडणुकीने, कायद्याने. इंग्लंडात १९४५ साली मजूर पक्षाचे सरकार आले. त्याने कोळसा खाणी आणि रेल्वे सरकारी केली आणि १९४८ साली सर्वांसाठी मोफत आरोग्यसेवा सुरू केली. पुढे १९५१ च्या निवडणुकीने ते सरकार गेलेही. मालकी बदलली तरी मतपेटी शाबूत राहिली, हा यातला धडा आहे.

याच्या उलट फॅसिझम. इटलीत १९२२ साली मुसोलिनी आणि जर्मनीत १९३३ साली हिटलर सत्तेवर आला. कारखाने मालकांचेच राहिले, पण संसद संपली, कामगार संघटना मोडल्या, आणि वंशाच्या नावाने माणसांची कत्तल झाली. म्हणजे खाजगी मालकी आणि हुकूमशाही ही दोन्ही एका घरात सुखाने नांदू शकतात.

आपल्याकडे आणखी एक वाट होती, ती गांधीजींची. श्रीमंताने आपली संपत्ती समाजाची ठेव समजून विश्वस्तासारखी सांभाळावी आणि खेडे स्वयंपूर्ण व्हावे, असे ते म्हणत. बाबासाहेबांना हे पटले नाही. दोष यंत्राचा नाही, समाजरचनेचा आहे. यंत्रामुळे गरिबाला विसावा आणि शिकायला फुरसत मिळू शकते, असे त्यांनी १९४५ साली काँग्रेस आणि गांधीजींवरील आपल्या ग्रंथात मांडले. आणि खेड्याचे कौतुक तरी आपण काय करावे? गावकुसाबाहेर राहणाऱ्याला खेडे काय असते, ते दुसऱ्याने सांगावे लागत नाही.

गिरणीतला धोटा

आता आपल्या घरच्या इतिहासाकडे येऊ. आपल्या वस्तीतल्या कित्येक कुटुंबांतले आजोबा-पणजोबा कोकणातून, देशावरून मुंबईच्या गिरण्यांत आले. काम मिळाले ते बहुतेक सूतकताईच्या खात्यात, आणि तिथे मजुरी कमी. पगार जास्त होता साचा खात्यात, म्हणजे विणकामात. तिथे अस्पृश्यांना घेत नसत. कारण काय? धोट्यातली कांडी संपली की नवीन कांडीचा धागा तोंडाने ओढून धोट्याच्या भोकातून काढावा लागे. अस्पृश्याची थुंकी लागलेला धोटा सवर्ण कामगार हातात कसा घेणार? म्हणून तिथे त्याला मज्जाव.

नीट विचार करा. हा मज्जाव एकट्या मालकाने टिकवला नव्हता. शेजारच्या साच्यावर उभा असलेला, त्याच चाळीत भाड्याने राहणारा, तोच उपास काढणारा कामगारही त्यात होता. १९२८ साली गिरण्यांचा मोठा संप झाला तेव्हा साचा खाते अस्पृश्यांना मोकळे करावे, ही मागणी इतर मागण्यांत घ्यावी असा बाबासाहेबांनी आग्रह धरला. 'जगातल्या कामगारांनो एक व्हा' हे ठीक. पण साच्याजवळचे कामगारच एक होत नव्हते, त्याचं काय?

म्हणूनच १९३६ साली 'जातिनिर्मूलन' या निबंधात बाबासाहेबांनी लिहिले की जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांचीच विभागणी आहे. समाजवादी मित्रांना त्यांनी बजावले की, आर्थिक क्रांती करायला निघालात तरी जातीचा राक्षस वाटेत आडवा येणारच; त्याला मारल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. पुढे फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले : ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण माणसे नव्हेत, तर स्वातंत्र्य, समता आणि बंधुता नाकारणारी वृत्ती, आणि ती कोणत्याही जातीत असू शकते, हेही त्यांनी तिथेच स्पष्ट केले. आपल्यापैकी काही जण हा दुसरा भाग गाळून पहिलाच सांगतात. ते बरोबर नाही.

खोताचा वाडा आणि कौन्सिल हॉल

कोकणातून आलेल्या घरांना खोती ठाऊक आहे. रत्नागिरी आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात सरकार आणि कुळ यांच्यामध्ये खोत असे. सरकारसाठी वसुली करायची आणि वर आपलेही वसूल करायचे, असा त्याचा धंदा. वेठबिगार वेगळीच. अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा वर्षे संप केला आणि शेते पिकवलीच नाहीत.

ऑगस्ट १९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. नाव पाहा : ते जातीचे नाही, मजुराचे आहे. १९३७ च्या निवडणुकीत त्या पक्षाचे बहुतेक उमेदवार मुंबई विधानसभेत निवडून आले, आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. त्यात महार होते, कुणबी होते, आगरी होते. कम्युनिस्टही त्या लढ्यात बरोबर होते.

त्याच वर्षी सरकारने औद्योगिक तंट्यांचे विधेयक आणले आणि संपावर बंधने घातली. बाबासाहेबांचे म्हणणे असे की, संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव. माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध कामाला जुंपणे म्हणजे गुलामगिरी. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी त्या विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला. स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट त्यात एकत्र होते.

तर मग पोरांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे मिळते. बाबासाहेब भांडवलशाहीच्या बाजूचे नव्हते. कामगाराच्या पोटाचा प्रश्न आला तेव्हा कम्युनिस्टांबरोबर उभे राहायला ते कचरले नाहीत. पण जातीच्या प्रश्नावर गप्प बसणाऱ्यांच्या मागे ते गेलेही नाहीत.

१९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. बारमाही कारखान्यांतले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारा कायदा १९४६ साली झाला, त्यामागे त्यांचे काम होते. आज 'आठ तासांची ड्यूटी' म्हणताना हे आठवावे.

राज्यसमाजवाद म्हणजे काय

मार्च १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने बाबासाहेबांनी घटना समितीसाठी एक निवेदन तयार केले. 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या नावाने ते प्रसिद्ध आहे. ही पुस्तिका लहान आहे, पण मालकी आणि सत्ता या दोन प्रश्नांना तिच्याइतके स्वच्छ उत्तर आम्हाला दुसरीकडे सापडले नाही.

योजना अशी : महत्त्वाचे आणि मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत. विमा हा राज्याचाच धंदा असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाने आपल्या कमाईच्या मानाने आयुर्विमा घ्यावा. शेती हा राज्याचा उद्योग असावा. राज्याने जमीन ताब्यात घ्यावी, मालकांना रोख्यांच्या रूपाने मोबदला द्यावा, जमिनीचे ठराविक आकाराचे भाग पाडावेत आणि जातधर्म न पाहता गावकऱ्यांना ते सामुदायिक रीतीने कसायला द्यावेत. बी, खत, जनावरे, पाणी यांची सोय राज्याने करावी. मग गावात ना जमीनदार उरेल, ना कुळ, ना भूमिहीन मजूर. आणि हे सर्व घटना अमलात आल्यापासून दहा वर्षांच्या आत व्हावे.

कोणी म्हणेल, यात आणि रशियात फरक काय? फरक मोठा आहे. रशियात समाजवाद आला तो हुकूमशाहीच्या हाताने. बाबासाहेबांना तो संसदीय लोकशाहीसह हवा होता. पण लोकशाहीत आज एक बहुमत येते, उद्या दुसरे. आजच्याने केलेले उद्याच्याने मोडले तर? म्हणून ही आर्थिक रचना घटनेच्या कायद्यातच लिहून ठेवावी, म्हणजे तिला हुकूमशहाही लागणार नाही आणि साध्या बहुमताने ती मोडताही येणार नाही, असा त्यांचा उपाय होता.

खाजगी मालकीचे समर्थक म्हणतात, 'सरकारने हात काढून घ्यावा, म्हणजे माणूस स्वतंत्र होतो.' त्यावर त्या पुस्तिकेत मार्मिक उत्तर आहे. सरकारपासून स्वातंत्र्य खरे, पण ते कोणाला? जमीनदाराला खंड वाढवायचे, मालकाला तास वाढवायचे आणि मजुरी उतरवायचे स्वातंत्र्य. बेकार माणसाला तुम्ही विचारा, नोकरी देतो, पण युनियनमध्ये जायचे नाही, तोंड उघडायचे नाही, काय करशील? तो हक्क सोडेल, नोकरी धरेल. ज्याच्या पोटात अन्न नाही त्याचे मूलभूत हक्क कागदावरच राहतात. हे वाचताना आमच्या डोळ्यांपुढे आजची ठेकेदारीवर राबणारी आपली पोरे येतात.

कूळ कायद्याने आणि जमिनीच्या एकत्रीकरणाने देशातल्या सहा कोटी अस्पृश्यांचा काहीच लाभ नाही, कारण ते कुळेही नाहीत, निव्वळ भूमिहीन मजूर आहेत, हेही त्यांनी त्याच वेळी सांगितले होते. पुढे तसेच घडले. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, ती चांगलीच गोष्ट. १ एप्रिल १९५७ या कूळदिनापासून 'कसेल त्याची जमीन' या तत्त्वाने कुळे मालक झाली. पण जो कूळसुद्धा नव्हता, नुसता मजुरीला जात होता, त्याच्या हाती काय आले? म्हणूनच दादासाहेब गायकवाडांना १९५९ साली आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचा सत्याग्रह करावा लागला. हजारो बायाबापड्या पोरेबाळे घेऊन तुरुंगात गेल्या.

घटनेत काय आले, काय राहिले

बाबासाहेब मसुदा समितीचे अध्यक्ष होते, पण घटना समितीत बहुमत त्यांचे नव्हते. राज्यसमाजवादाची योजना घटनेत जशीच्या तशी आली नाही. आली ती मार्गदर्शक तत्त्वांत : संपत्ती मूठभरांच्या हाती साठू नये आणि समाजाच्या भौतिक साधनांचे वाटप सर्वांच्या हिताचे व्हावे, असे अनुच्छेद ३९ सांगतो. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता आणि अनुच्छेद २३ ने वेठबिगार मात्र साफ नष्ट केली.

इथे मुले गोंधळतात. १५ नोव्हेंबर १९४८ रोजी के. टी. शहा यांनी 'समाजवादी' हा शब्द घटनेत घालण्याची दुरुस्ती आणली, तेव्हा बाबासाहेबांनी तिला विरोध केला. आपली अर्थरचना कोणती असावी हे त्या त्या काळच्या लोकांनी ठरवावे, घटनेने त्यांचे हात बांधू नयेत, असे ते म्हणाले. आणि मार्गदर्शक तत्त्वांत समाजवादाचा आशय आलेलाच आहे असेही सांगितले. १९४७ च्या निवेदनात ते फेडरेशनची मागणी मांडत होते, १९४८ साली समितीने मान्य केलेला मसुदा सांभाळत होते. एवढे ध्यानात ठेवले तर कोणी अर्धे वाक्य दाखवून आपल्याला फसवू शकणार नाही. तो शब्द उद्देशिकेत आला १९७६ साली, ४२ व्या घटनादुरुस्तीने. त्याविरुद्धच्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये फेटाळल्या.

२५ नोव्हेंबर १९४९ चे त्यांचे भाषण आपण दरवर्षी ऐकतो. राजकारणात एक माणूस, एक मत. समाजात आणि अर्थकारणात मात्र विषमता. ही विसंगती लवकर दूर केली नाही तर भोगणारे लोक लोकशाहीचा डोलारा उधळून लावतील, असा इशारा त्यांनी दिला होता.

बुद्ध की मार्क्स

आता तिसरा प्रश्न, बंधुभावाचा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. त्यानंतर सुमारे सव्वा महिन्याने, २० नोव्हेंबर १९५६ रोजी, काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत बाबासाहेबांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर भाषण केले. प्रकृती खालावली होती; पुढे सोळा दिवसांत ते गेले. आयुष्याच्या शेवटी त्यांनी हाच विषय का घेतला, याचा विचार करण्यासारखा आहे.

मार्क्सचे पुष्कळसे काळाने खोडून काढले, तरी काही अजून शिल्लक आहे, असे त्यांनी याच विषयावरील निबंधात मांडले. तत्त्वज्ञानाचे काम जग बदलण्याचे आहे; वर्गावर्गांत हितसंबंधांचा झगडा आहे; खाजगी मालकीतून एकाला सत्ता आणि दुसऱ्याला दुःख मिळते; ते दुःख दूर झाले पाहिजे. यात बुद्धाला नाकारण्यासारखे काही नाही. जगात दुःख आहे, इथूनच तर धम्म सुरू होतो. भिक्खूला चीवर, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, पाणी गाळायचे फडके अशा मोजक्या वस्तूंपलीकडे काही ठेवता येत नाही. गृहस्थाला मात्र धनाची मनाई नाही. अनाथपिंडिकाला भगवंतांनी सांगितले ते हेच की धन कष्टाने आणि न्यायाने मिळवावे.

फरक आहे तो मार्गाचा. हिंसा आणि हुकूमशाही यांनी समता लवकर येईल, पण टिकेल ती बंदुकीच्या धाकाने. धाक उठला की? कम्युनिस्ट म्हणतात राज्यसंस्था गळून पडेल. मग तिच्या जागी माणसांना बांधून ठेवणारे काय असेल? बाबासाहेबांचे उत्तर होते, धम्म. मन बदलले तर माणूस धाकाशिवाय न्यायाने वागतो. रशियाने समता आणू पाहिली, पण तिच्यासाठी स्वातंत्र्य आणि बंधुता सोडता येत नाही, हे त्यांनी १९५६ साली म्हटले. सोव्हिएत संघ मोडल्यावर ते जगाला दिसले.

पण कोणी असे समजू नये की मन शुद्ध केले की भाकरीचा प्रश्न आपोआप सुटतो. दीघनिकायातल्या कूटदन्त सुत्तात राज्यात चोऱ्या-दरोडे माजलेल्या राजाला पुरोहित सल्ला देतो तो फाशीचा नव्हे. शेतकऱ्याला बियाणे दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, चाकराला वेतन दे, म्हणजे लोक आपापल्या कामाला लागतील आणि राज्य शांत होईल, असे तो सांगतो. शील हवेच, पण राज्याने आपले कर्तव्य केलेच पाहिजे.

आज आपल्यापुढे

स्वातंत्र्यानंतर देशाने मिश्र अर्थव्यवस्था स्वीकारली. आयुर्विमा महामंडळ १ सप्टेंबर १९५६ रोजी झाले, चौदा मोठ्या बँका १९६९ साली सरकारी झाल्या. रेल्वे, पोस्ट, महापालिका, बँका यांतल्या राखीव जागांमुळे आपल्या वस्तीतले पत्रे गेले आणि सिमेंटच्या भिंती आल्या, हे कोणी नाकारू नये. सरकारी उद्योगात बाबूगिरी आणि खाबूगिरी झाली, हेही नाकारू नये. नुसती मालकी सरकारची झाली म्हणजे समाजवाद आला असे होत नाही.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यातले कित्येक पुन्हा आत गेलेच नाहीत. आमच्या घरांनी ते दिवस पाहिले आहेत : दुकानदाराची उधारी, गावाकडून आलेले पायलीभर तांदूळ, शाळेतून काढलेली मुलगी. १९९१ साली नवे आर्थिक धोरण आले. कारखाने वाढले, वस्तू वाढल्या, आपल्यातलेही काही जण कॉम्प्युटर शिकून पुढे गेले. त्यांचा आम्हाला अभिमान आहे. पण घटनेतले नोकऱ्यांचे आरक्षण सरकारी नोकरीपुरते आहे. जी नोकरी ठेकेदाराकडे गेली, तिथले आरक्षण गेले. झाडू तोच, रस्ता तोच, हात बहुतेक आपलेच. फक्त पगार निम्मा आणि रजा नाही. हा वाद पुस्तकातला नाही, आपल्या चुलीपर्यंत आलेला आहे.

समाजाची भौतिक साधने म्हणजे काय, यावर नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने निकाल दिला की प्रत्येक खाजगी मालमत्ता त्यात येत नाही. तो खटला मुंबईतल्या जुन्या चाळींच्या प्रश्नावरूनच उभा राहिला होता. म्हणजे १९४७ चा प्रश्न अजून चालूच आहे.

तर मुलांनो, तुमच्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे. बाबासाहेब कम्युनिस्ट नव्हते, कारण त्यांना समतेसाठी स्वातंत्र्याचा बळी मान्य नव्हता. ते भांडवलवादी नव्हते, कारण त्यांना स्वातंत्र्याच्या नावाखाली पिळवणूक मान्य नव्हती. आणि जातीकडे डोळेझाक करणारा समाजवाद त्यांनी कधीच पुरेसा मानला नाही. कोणत्याही रंगाचा झेंडा घेऊन कोणी तुमच्यापुढे भाषण करू लागला, तर त्याला ते तीन प्रश्न विचारा : मालकी कोणाची? सत्ताधाऱ्याला काढता येईल का? आणि तुझ्या शेजारी बसून मी एका ताटात जेवू शकतो का? एकाचे जरी उत्तर तो टाळू लागला, तरी सावध व्हा.

पुढच्या रविवारी वंदनेनंतर 'राज्ये आणि अल्पसंख्याक' ही पुस्तिका विहारात थोडी थोडी वाचायला घ्यावी, अशी आमची सूचना आहे. आई-बहिणींनीही बसावे, महिन्याचा हिशेब त्याच जुळवतात, त्यांना अर्थशास्त्र आमच्यापेक्षा जास्त कळते. आमच्या लिहिण्यात काही चुकले असेल तर त्याच बैठकीत सांगावे. चहा थोडा उशिरा आला तरी चालेल, या वेळी चर्चा मोडायची नाही.

जयभीम!